विडीचा धूर व घरांतील हवा

तंबाखूच्या व्यसनाविषयीं बोलतांना आपण बहुधा ओढणाऱ्या मनुष्याविषयींच बोलतों. त्याचे पैसे जातात, त्याचा खोकला वाढतो, त्याचें आयुष्य कमी होतें, असें आपण म्हणतों. आणि तें सर्व खरेंच आहे. परंतु ज्या खोलींत बसून तो ओढतो त्या खोलींत दुसरींही माणसें असतात. चुलीपाशीं त्याची बायको असते, झोळींत तान्हें मूल असतें, कोपऱ्यांत घोंगडीवर दम्यानें बेजार झालेली म्हातारी आई पडलेली असते. ह्यांपैकीं कोणींही विडी पेटविलेली नसते. तरी विडीचा धूर ह्या सर्वांच्या छातींत जातो. तो कसा जातो, किती जातो, व आंत जाऊन काय करितो, हें समजून घेणें हा आजच्या पाठाचा विषय आहे.

ह्यांत कोणाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं विडी आहे, हें आम्ही जाणतों. परंतु ज्या बापास आपल्या मुलांची माया आहे त्यास खरी हकीकत कळली तर तो आपण होऊन उठून बाहेर जाईल, असा आमचा भरंवसा आहे.

१. धूर म्हणजे काय?

पुष्कळांची समजूत अशी आहे कीं, धूर म्हणजे एक प्रकारची वाफ. ती थोडा वेळ दिसते, मग विरून जाते, आणि मागें राहतो तो नुसता वास. ही समजूत बरोबर नाहीं. धुरांत कांहीं वायु असतात, व त्यांत अर्धवट ज्वलनानें होणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायुही असतो. परंतु जो धूर डोळ्यांस दिसतो तो वायु नव्हे. ती एक अतिशय बारीक धूळ आहे. तंबाखू जळतांना डांबरासारखें एक चिकट द्रव्य निघतें; त्याचे सूक्ष्म थेंब व कण हवेंत तरंगूं लागतात, आणि तेच आपणांस धूर म्हणून दिसतात.

हे कण किती बारीक असतात? मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. डोक्याचा केस साधारणपणें ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. तंबाखूच्या धुरांतील बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान असतात. असे दोनशें कण एका ओळींत मांडले तरी ते एका केसाच्या जाडींत मावतील. ज्या कणांची रुंदी अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी असते, त्यांस शास्त्रज्ञांनीं ‘पी. एम. २.५’ असें नांव दिलें आहे. हिवाळ्यांत दिल्लीच्या हवेविषयीं वर्तमानपत्रांत जे आंकडे छापून येतात ते मुख्यतः ह्याच कणांचे असतात. ते वाचून आपण दिल्लीच्या लोकांची कींव करितों. परंतु तसलेच कण आपल्या माजघरांत एक सिगारेट किंवा विडी निर्माण करीत असते, हें आपल्या लक्षांत येत नाहीं.

ज्यास ही धूळ स्वतः पाहावयाची असेल त्यास यंत्राची गरज नाहीं. सकाळीं कौलांच्या फटींतून घरांत ऊन उतरतें, त्या कवडशाकडे पाहावें. झाडलोट झाल्यावर त्यांत धुळीचे कण फिरतांना दिसतात; मग जड कण खालीं बसतात व कवडसा पुष्कळसा स्वच्छ होतो. त्याच कवडशांत विडीचा धूर आला म्हणजे प्रथम निळसर पट्टे दिसतात. ते हळूहळू पसरतात, फिकट होतात, आणि शेवटीं दिसेनासे होतात. धूर विरला, असें आपण म्हणतों. वस्तुतः तो विरत नाहीं, पसरतो. कण खोलींतच असतात. ते एकमेकांपासून दूर गेल्यामुळें आपणांस दिसत नाहींत, एवढेंच.

आणि ते लवकर खालींही बसत नाहींत. जात्यांतून उडालेलें पीठ थोड्याच वेळांत जमिनीवर येतें. परंतु धुराचा कण इतका हलका असतो कीं, निवांत हवेंत तो तासाला एक-दोन सेंटिमीटरच खालीं येतो. पुरुषभर उंचीवरून जमिनीपर्यंत पोंचण्यास त्याला कित्येक दिवस लागतील. आणि घरांतील माणसांच्या वावरानें हवा हालत असल्यामुळें तो पुन्हा पुन्हा वर उचलला जातो. म्हणून हा धूर हवेंतून नाहींसा होण्यास दोनच वाटा आहेत. एक तर बाहेरची हवा आंत येऊन त्यास घेऊन गेली पाहिजे. नाहीं तर तो भिंतींस, गोधड्यांस, कपड्यांस, आणि श्वास घेणाऱ्यांच्या फुप्फुसांस चिकटला पाहिजे.

२. एका विडीचे दोन धूर

जळत्या सिगारेटीकडे किंवा विडीकडे नीट पाहिलें तर दोन धूर दिसतात. एक, ओढणारा तोंडांतून सोडतो तो. हा पांढुरका असतो. दुसरा, झुरक्यांच्या मधल्या वेळीं हातांतील जळत्या टोकापासून सरळ वर चढतो तो. हा निळसर असतो. हा रंगाचा भेद निरर्थक नाहीं. टोकावरील धुराचे कण फार बारीक असल्यामुळें ते प्रकाशांतील निळा भाग अधिक विखुरतात. छातींत जाऊन आलेल्या धुराचे कण तेथील ओलाव्यानें फुगलेले असतात, म्हणून तो पांढरा दिसतो.

सिगारेट ओढणाऱ्याच्या शेजारीं बसलेल्या मनुष्यास जो धूर मिळतो त्याचा बहुतेक भाग, म्हणजे शेंकडा सुमारें ८५, हा टोकावरील धूरच असतो. झुरका मारतांना निखारा फुलतो व उष्णता वाढते. मधल्या वेळीं तो मंद धुमसतो. तें ज्वलन अर्धवट असतें, म्हणून कित्येक विषारी द्रव्यें ह्या धुरांत ओढलेल्या धुरापेक्षां अधिक प्रमाणांत सांपडतात. पुन्हा असें पाहा कीं, सिगारेटीस जी गाळणी लाविलेली असते ती ओढणाऱ्याच्या ओठांकडील टोकास असते. जळत्या टोकास कोणतीच गाळणी नसते. गाळणीनें धूर निर्दोष होतो असें नाहीं. परंतु ती जी थोडीशी आडकाठी करिते तीसुद्धां ओढणाऱ्याच्याच वांट्यास येते. जिनें सिगारेटीस हातही लाविला नाहीं तिच्या वांट्यास न गाळलेला धूर येतो.

ह्या धुरांत सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्यें सांपडलीं आहेत, व त्यांपैकीं सुमारें ७० द्रव्यें कर्करोग उत्पन्न करणारीं आहेत. आर्सेनिक, कॅडमियम, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड हीं त्यांतलीं कांहीं होत. ह्यांतील पुष्कळशीं द्रव्यें त्या बारीक कणांवर स्वार होऊनच छातींत उतरतात.

विडींत सिगारेटीच्या मानानें तंबाखू थोडा असतो, म्हणून ती सौम्य आहे असें कित्येक मानतात. हें खरें नाहीं. सिन्नर, गोंदिया, भंडारा ह्या बाजूंस ज्या विड्या वळल्या जातात त्या टेंभुर्णीच्या पानाच्या असतात. हें पान कागदाप्रमाणें हवेस वाट देत नाहीं. त्यामुळें विडी वरचेवर विझूं पाहते, व ती पेटती राहण्यासाठीं ओढणारा वारंवार व जोरानें झुरके घेतो. तपासणीअंतीं असें दिसून आलें आहे कीं, विडी ओढणाऱ्याच्या छातींत जाणारें डांबर, निकोटिन व कार्बन मोनॉक्साइड हीं सिगारेटीहून कमी नसतात, उलट अधिकच असतात. आणि विडी स्वस्त असल्यामुळें एका बैठकीस एकीवर कोणी थांबत नाहीं.

३. एका खोलीचा हिशेब

आतां आपण एक साधा हिशेब करून पाहूं. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी एक खोली घ्या. तींत एक हजार घनफूट, म्हणजे सुमारें २८ घनमीटर हवा मावते. एका सिगारेटीपासून हवेंत सुमारें १० मिलिग्रॅम बारीक कण पडतात. एक मिलिग्रॅम म्हणजे एक हजार मायक्रोग्रॅम; तेव्हां दहा हजार मायक्रोग्रॅम धूळ २८ घनमीटर हवेंत पसरली. भागाकार केला म्हणजे दर घनमीटरास सुमारें ३५० मायक्रोग्रॅम येतात.

हा आंकडा मोठा कीं लहान? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं ह्या कणांसाठीं जी मर्यादा सांगितली ती अशी: चोवीस तासांची सरासरी दर घनमीटरास १५ मायक्रोग्रॅम, व वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅम. आपल्या देशांत २००९ सालीं ठरलेली मर्यादा अधिक सैल आहे. ती चोवीस तासांसाठीं ६० व वर्षासाठीं ४० आहे. म्हणजे दारें-खिडक्या लावलेल्या खोलींत एक सिगारेट जळली कीं तेथील हवा त्या घटकेस देशाच्या मर्यादेच्या जवळ जवळ सहापट व जागतिक मर्यादेच्या वीसपटीहून अधिक धुळीनें भरते.

येथें न्यायानें एक गोष्ट सांगितली पाहिजे. ह्या मर्यादा दिवसभराच्या सरासरीच्या आहेत, आणि एका सिगारेटीचा धूर बाहेरची हवा येईल तसा कमी होत जातो. परंतु एकदां ओढून कोणी थांबत नाहीं. पावसाळ्यांत किंवा थंडींत दारें लावलेलीं असतात. पहिला धूर निघून जाण्यापूर्वीं दुसरी विडी पेटते, मग पाहुणा येतो व तिसरी पेटते. अशा घरांतील हवा दिवसाचा मोठा भाग दूषित राहते. विडीचा हिशेब सिगारेटीहून थोडाफार निराळा येईल. पण दिवसाला पंधरा-वीस विड्या जेथें जळतात तेथें त्याचें तात्पर्य बदलत नाहीं.

४. कण आंत जाऊन काय करितात?

परमेश्वरानें मनुष्याच्या नाकाची व श्वासनलिकेची रचना मोठ्या शहाणपणानें केली आहे. रस्त्याची जाडी धूळ नाकांतील केसांत व ओलाव्यांत अडकते. त्याहून बारीक धूळ श्वासनलिकांच्या चिकट कफांत सांपडते. तेथें सूक्ष्म लव असते, ती सतत हालून तो कफ वर ढकलीत राहते, व आपण तो खोकून टाकितों. परंतु अडीच मायक्रॉनांहून लहान कण ह्या दोन्ही पहारेकऱ्यांस चुकवून फुप्फुसांच्या तळाशीं असलेल्या वायुकोशांपर्यंत जातात. ह्या इवल्याशा पोकळ्यांतच प्राणवायु रक्तांत मिसळतो. त्यांची भिंत अतिशय पातळ असते, व तेथें ढकलणारी लव नसते. शिवाय तंबाखूच्या धुरानें वरच्या नलिकांतील लवही लुळी पडते. म्हणजे चोर घरांत शिरतो आणि पहारेकऱ्यासही झोंपवितो.

वायुकोशांत बसलेल्या कणांमुळें तेथें दाह होतो. त्या दाहाचा परिणाम रक्तावर होतो. रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढते, व रक्तवाहिन्यांचें आंतील अस्तर बिघडतें. हा परिणाम होण्यास वर्षें लागत नाहींत. धुराच्या खोलींत अर्धा तास बसलेल्या निरोगी तरुणांच्याही रक्तवाहिन्यांत फरक पडल्याचें आढळलें आहे. जे स्वतः ओढीत नाहींत परंतु दुसऱ्याच्या धुरांत नित्य राहतात, अशा प्रौढांस हृदयविकाराचा धोका शेंकडा २५ ते ३०, व फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका शेंकडा २० ते ३० अधिक असतो.

लहान मुलांस ह्याची बाधा विशेष होते. त्यांच्या नळ्या अरुंद असतात, फुप्फुसें वाढीस लागलेलीं असतात, आणि वजनाच्या मानानें तीं मोठ्या माणसापेक्षां अधिक हवा आंत घेतात. धुराच्या घरांत वाढणाऱ्या मुलांस फुप्फुसदाह, खोकला, दमा व कान फुटणें हे विकार अधिक होतात, आणि तान्ह्या मुलाचा झोंपेंत अकस्मात् मृत्यु होण्याचा धोकाही वाढतो. मोठा मनुष्य धूर सोसवेना तर उठून जातो. झोळींतील मूल उठून जाऊं शकत नाहीं, आणि त्याचें रडणें भुकेचें आहे असें समजून त्यास तेथेंच दूध पाजलें जातें.

५. हें ज्ञान कसें प्राप्त झालें?

ओढणाऱ्यास स्वतःस फुप्फुसाचा कर्करोग होतो, हें १९५० सालीं इंग्लंडांतील डॉल व हिल, आणि अमेरिकेंतील वाइंडर व ग्रॅहॅम ह्यांनीं निरनिराळ्या तपासण्या करून दाखविलें. शेजारच्या मनुष्याकडे लक्ष जाण्यास आणखी तीस वर्षें लागलीं. १९८० सालीं जेम्स रिपेस व आल्फ्रेड लाउरी ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं वॉशिंग्टन शहराच्या आसपास खाणावळी, मद्यगृहें व सभागृहें ह्यांतील हवा मोजली. जेथें लोक ओढीत होते तेथें बारीक कणांचें प्रमाण धूम्रपान नसलेल्या जागांपेक्षां व बाहेरील रस्त्यांपेक्षांही फार अधिक आढळलें.

दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९८१ सालीं, जपानांतील ताकेशी हिरायामा ह्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. तिजकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधितों, कारण ती सर्वस्वीं घरांतील बायकांविषयीं आहे. स्वतः कधींही न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची माहिती त्यांनीं १४ वर्षें ठेविली. ज्यांचे नवरे ओढीत नव्हते त्यांच्या मानानें, ज्यांचे नवरे दिवसाला वीस किंवा अधिक सिगारेटी ओढीत त्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगानें मरण्याचें प्रमाण सुमारें दुप्पट आढळलें. नवरा जितका अधिक ओढी, तितका बायकोचा धोका अधिक. सिगारेटीच्या व्यापाऱ्यांनीं ह्या निष्कर्षावर पुष्कळ झोड उठविली. परंतु पुढें अनेक देशांत झालेल्या तपासण्यांनीं तो खराच ठरविला. २००६ सालीं अमेरिकेच्या सर्जन जनरलनें आपल्या अहवालांत स्पष्टच सांगितलें कीं, दुसऱ्याच्या धुराची निर्धोक अशी कोणतीही मात्रा नाहीं.

उलट बाजूनेंही हें सिद्ध झालें आहे. २९ मार्च २००४ ह्या दिवसापासून आयर्लंड देशानें सर्व बंदिस्त कामाच्या जागीं, मद्यगृहांतसुद्धां, धूम्रपान बंद केलें. डब्लिन शहरांतील ४२ मद्यगृहांतील हवा बंदीपूर्वीं व बंदीनंतर मोजली, तेव्हां बारीक कण शेंकडा ८० हून अधिक कमी झालेले आढळले. स्कॉटलंडानें २००६ सालीं तसाच कायदा केला. त्यानंतरच्या वर्षीं तेथील नऊ रुग्णालयांत हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानें येणारे रोगी शेंकडा १७ नीं घटले, आणि ह्या घटींत अर्ध्याहून अधिक वांटा न ओढणाऱ्यांचा होता. लोक तेच, गांवें तींच. फक्त हवेंतून एक धूळ नाहींशी झाली.

६. कायदा उंबरठ्यापाशीं थांबतो

आपल्या देशांतही ह्या बाबतींत कांहीं पावलें पडलीं आहेत. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा ह्यांच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयानें २ नोव्हेंबर २००१ रोजीं रुग्णालयें, शाळा, ग्रंथालयें, न्यायालयें, सरकारी कचेऱ्या, आगगाड्या इत्यादि सार्वजनिक जागीं धूम्रपानास मनाई केली. जो ओढीत नाहीं त्यास दुसऱ्याच्या धुरामुळें आपलें जीवित धोक्यांत घालण्याची सक्ति होतां कामा नये, हें त्या निकालाचें मर्म होतें. २००३ सालीं ह्या संबंधीं कायदा झाला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागांविषयींचे नियम अमलांत येऊन दोनशें रुपयांपर्यंत दंड ठरला.

ह्याचा परिणाम होत आहे. सरकारी पाहणींत असें दिसलें कीं, २००९-१० सालीं दर १०० प्रौढ माणसांपैकीं ५२ जणांस आपल्या घरांत दुसऱ्याचा धूर घ्यावा लागत असे. २०१६-१७ सालीं तें प्रमाण ३९ वर आलें. सुधारणा खरी, परंतु १०० पैकीं ३९ हा आंकडा लहान नव्हे. आणि कायद्याचा शिपाई एस. टी. स्थानकांत येतो, कचेरींत येतो. आपल्या माजघरांत तो येत नाहीं. कायदा उंबरठ्यापाशीं थांबतो. तेथून पुढें घरधन्याची माया व समजूत हाच कायदा.

येथें एक अडचण आम्ही जाणून आहों. पुष्कळ घरांत ओढणारा हा सासरा किंवा थोरला दीर असतो, व ज्या सुनेचें मूल खोकत असतें तिला त्याच्यापुढें तोंड उघडतां येत नाहीं. मामंजींस कोणत्या तोंडानें सांगावें? म्हणून आमचें म्हणणें असें कीं, हें तिच्यावर टाकूं नये. मुलानें आपल्या वडिलांस एकांतीं, मान राखून सांगावें: “बाबा, तुम्ही ओढूं नये असा हुकूम मी करीत नाहीं, पण बाळाची छाती भरली आहे, तेव्हां विडी आंब्याखालीं ओढावी.” नातवासाठीं केलेली विनंति आजोबा सहसा मोडीत नाहींत.

७. कांहीं शंका व त्यांचीं उत्तरें

“आमच्या घरांत चुलीचा धूर असतोच, त्यांत विडीच्या धुरानें काय मोठेंसें बिघडतें?” चुलीचा धूरही ह्याच जातीचा आहे, व तोही घातक आहे, म्हणून शक्य असेल तेथें गॅस वापरावा, नाहीं तर चुलीस धुराडें करावें. परंतु एका भोकानें नाव बुडत असतां दुसरें भोंक पाडणें शहाणपणाचें नव्हे. चुलीवांचून भाकरी होत नाहीं. विडीवांचून कोणाचें पोट रिकामें राहत नाहीं. डास पळविण्यासाठीं जळणारी कॉइलही असेच कण सोडते. बंद खोलींत तिच्याऐवजीं मच्छरदाणी बरी.

“आम्ही खिडकी उघडतों, पंखा लावितों.” खिडकीनें धूर कमी होतो, नाहींसा होत नाहीं, आणि पंखा तर त्यास कोपऱ्याकोपऱ्यांत पोंचवितो. दारांत किंवा ओसरीवर बसून ओढिलें तरी वारा आंत वाहत असेल तर धूर घरांतच येतो. “मुलें शाळेंत गेल्यावर ओढतों,” असें कोणी म्हणतात. परंतु धुराचा चिकट अंश भिंतींवर, गोधडीवर व अंगरख्यावर राहतो, आणि रांगणारें मूल तेंच हातानें चांचपून तोंडांत घालितें.

“आमचे आजोबा नव्वद वर्षें जगले, व ते जन्मभर ओढीत होते.” असे आजोबा असतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. पुराच्या पाण्यांतून गाडी घालणारे सर्वच बुडत नाहींत. म्हणून कोणी मुलाबाळांस घेऊन पुरांत गाडी घालीत नाहीं. शिवाय आजोबा नव्वद वर्षें जगले हें आपण सांगतों. त्यांच्या धुरांत बसलेली आजी किती वर्षें जगली, तिला कसला खोकला होता, हें मात्र कोणी मोजून ठेविलेलें नसतें.

“तर मग विडी सोडून तंबाखू मळून खावा काय?” मुळींच नाहीं. त्यानें शेजाऱ्याच्या छातीचें रक्षण होईल, परंतु खाणाऱ्याच्या तोंडांत कर्करोगाचें बीं पडेल. मिश्री व गुटखा ह्यांचीही तीच गत आहे.

८. काय करावें?

पहिली गोष्ट, आजपासून घराच्या छपराखालीं कोणीही ओढूं नये, असा घराचा नियम करावा. पाहुण्यासही तो नम्रपणें सांगावा. पूर्वीं पाहुण्यापुढें विडीचा कट्टा ठेवणें हा आदर समजला जाई. आतां पाणी, गूळ किंवा चहा पुढें करावा. दुसरी, ओढावयाचेंच असेल त्यानें दारापासून लांब, उघड्यावर जावें. हात-तोंड धुऊन मगच मुलास जवळ घ्यावें. तिसरी, जीप, मोटार किंवा ट्रॅक्टरची बंद केबिन ह्यांत दुसरें माणूस असतां कधींही ओढूं नये, कारण ती जागा खोलीहूनही लहान असते व तेथें वरील हिशेब कित्येक पटींनीं वाढतो. चौथी, गरोदर स्त्री, तान्हें मूल, दमेकरी व हृदयाचा रोगी हीं जेथें असतील तेथें ह्या नियमाचा कटाक्ष ठेवावा.

आणि सर्वांत उत्तम तें हें कीं, ओढणेंच सोडावें. सोडल्यापासून एक-दोन दिवसांत रक्तांतील कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. एका वर्षांत हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळ जवळ निम्म्यावर येतो. पहिले कांहीं दिवस जड जातात. चिडचिड होते, झोंप येत नाहीं. त्या दिवसांत घरच्यांनीं टोमणे न मारतां हात द्यावा. ज्यास एकट्यानें जमत नाहीं त्यानें डॉक्टरांस विचारावें. सरकारनें १८००-११-२३५६ ह्या क्रमांकावर विनामूल्य सल्ल्याची सोय केलेली आहे. एकदां सोडून पुन्हा धरली म्हणून निराश होऊं नये. पुष्कळांस ती दोन-तीन प्रयत्नांनींच सुटते.

ज्या घरांत हा पाठ वाचला जाईल तेथें निदान इतकें तरी व्हावें कीं, आज रात्रीं विडी पेटविण्यापूर्वीं घरधन्यानें एकदां खोलींत सभोंवार पाहावें, तेथें कोण कोण श्वास घेत आहे तें मोजावें, आणि मग दार उघडून बाहेर जावें.

विचारासाठीं प्रश्न

(१) दिसणारा धूर हा वायु नसून धूळ आहे, हें कशावरून समजतें?
(२) विडीचे दोन धूर कोणते? शेजाऱ्यास त्यांपैकीं कोणता अधिक मिळतो?
(३) आपल्या राहत्या खोलीची लांबी, रुंदी व उंची मोजा, व वरच्याप्रमाणें हिशेब करा. किती उत्तर येतें?
(४) जपानांतील तपासणीवरून आपल्या घरांतील स्त्रियांविषयीं काय बोध होतो?
(५) चुलीचा धूर, कॉइलचा धूर व विडीचा धूर ह्यांपैकीं आपल्या घरांतून प्रथम कोणता काढतां येईल?
(६) वडील माणसांचा मान राखून ही गोष्ट त्यांस कशी सांगावी, ह्याचा वर्गांत विचार करा.